गेम समोर नाही पण गेमच्या फायली लिहायच्यात? व्हीएस कोडचा रिव्ह्यू, परभणीहून

पहिलेच सांगतो, हा रिव्ह्यू प्रोग्रामर लोकांसाठी नाही. त्यांच्यासाठी व्हीएस कोड या फायली लिहायच्या एडिटरबद्दल ढिगानं लिहिलेलं पडलंय, पायथन काय, जावास्क्रिप्ट काय, ते त्यांनी तिकडं वाचावं. मी परभणीत मोंढ्यात एका आडतीवर टॅलीला बसतो अन् रात्री जेवणं झाली की माइनक्राफ्ट या गेमच्या डेटापॅकच्या, म्हणजे गेमला आपले नियम जोडणाऱ्या, फायली लिहितो. भाचा संभाजीनगरला शिकायलाय, त्याचा न् त्याच्या दोस्तांचा एक सर्व्हर आहे, तिथं पोरांनी देवगिरीचा किल्ला बांधायला घेतलाय, आणि त्या किल्ल्यातल्या पेट्यांत काय निघावं, हुरडा कसा भाजावा, भाकरी कशी बनावी, कुठलं काम केलं की कुठली शाबासकी स्क्रीनवर यावी, हे सगळं लिहायचं खातं "मामा, तुम्हाला टायपिंग येतं की" एवढ्या पात्रतेवर माझ्याकडं आलंय.

अडचण अशी की गेम माझ्याकडं नाही. लॅपटॉप चार जीबी रॅमचा, मालकानं नवा घेतला तव्हा जुना मला दिलेला, त्याच्यावर टॅली न् ब्राउझर एका वेळी चाललं तरी लई झालं. आणि गेम विकत घेऊन या वयात खेळत बसायची मला हौसही नाही, मला ते लिहायचंच काम आवडतं. म्हणजे लिहायचं इथं, चालायचं तिथं, अन् चाललं का नाही ते कळणार दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर. अशा माणसाला एडिटरचा उपयोग किती, तेवढ्यापुरतंच बोलतो.

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचा, २०१५ साली आलेला, फुकट. नावानं घोळ करू नका, व्हिज्युअल स्टुडिओ नावाचं थोरलं सॉफ्टवेअर वेगळं आहे, ते काही जीबी खातं, ते आपल्याला नको. आपल्याला नुसता व्हिज्युअल स्टुडिओ कोड पाहिजे. इन्स्टॉल करताना काही विशेष नाही, पुढं पुढं करत जायचं.

आता हे काम अवघड का आहे ते कळल्याशिवाय एडिटरचं कौतुक कळणार नाही म्हणून थोडं गेमचं सांगतो. डेटापॅक म्हणजे एक फोल्डर. त्यात एक पॅक डॉट एमसीमेटा नावाची फाईल, तिच्यात वर्णन अन् फॉरमॅटचा नंबर, १.२१ साठी तो ४८. शेजारी डेटा नावाचं फोल्डर, त्यात आपल्या पॅकच्या नावाचं फोल्डर, त्यात रेसिपी, लूट टेबल (पेटीतनं काय निघावं ते), अ‍ॅडव्हान्समेंट (शाबासक्या) अशी फोल्डरं आणि त्यात जेसन फायली, म्हणजे कंसांत न् अवतरणचिन्हांत ठराविक पद्धतीनं मांडलेला साधा मजकूर. एका फाईलीत एक रेसिपी. एवढंच. आता यातल्या एखाद्या रेसिपीत काही चुकलं तर गेम ओरडत नाही, बंद पडत नाही, तो ती फाईल गुपचूप बाजूला टाकतो, लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, एक ओळ लिहितो अन् पुढं जातो. पोरगं गेममध्ये शेकोटीवर ज्वारी टाकून बसतं, हुरडा काही होईना, अन् त्याला वाटतं मामानं लिहिलंच नाही. (जग कसं तयार व्हावं, डोंगर कुठं नद्या कुठं, त्या फायली चुकल्या तर उलट आख्खं जगच उघडत नाही म्हणे, त्या भानगडीत आम्ही पडलेलोच नाही.)

त्याच्याहून बेक्कार म्हणजे फोल्डरचं नाव. १.२१ च्या आधी ही फोल्डरं अनेकवचनी होती, शेवटी एस असायचा. १.२१ ला तो एस काढून टाकला. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून कुणी एस ठेवून फोल्डर केलं तर गेम त्या फोल्डरात बघतच नाही, अन् बघतच नाही म्हणल्यावर लॉगमध्ये तक्रार कशाची करणार? फायली सगळ्या बरोबर, एक पण चालंना, लॉग एकदम स्वच्छ. अशा ठिकाणी गेम समोर नसलेल्या माणसाचं डोकं फिरतं.

तर व्हीएस कोड इथं काय करतो. काहीच जोडणी न करता, नुसती डॉट जेसन फाईल उघडली की तो स्वल्पविराम राहिला, कंस बंद नाही झाला, शेवटच्या ओळीनंतर जादा स्वल्पविराम पडला, एकच की, म्हणजे डावीकडचं नाव, दोनदा लिहिली, हे सगळं खाली रेघ ओढून दाखवतो. कंसांच्या जोड्या रंगानं वेगळ्या दिसतात, लूट टेबलमध्ये कंसात कंस कंसात कंस असं सहा-सात पातळ्या खाली जातं तव्हा हे लई कामाला येतं. शिफ्ट अल्ट एफ दाबलं की सगळी फाईल नीट मांडून देतो. एवढं तर बरेच एडिटर करतात, पण आपल्या मराठी माणसाच्या दोन खास भानगडी आहेत त्या इथं आपोआप पकडल्या जातात म्हणून सांगतो.

एक म्हणजे आकडे. वस्तूचं नाव मराठीत लिहायचं म्हणून कीबोर्ड मराठी केलेला असतो, नाव लिहून झालं, खालच्या ओळीत संख्या टाकायची, बोट ४ वर पडतं अन् देवनागरी चार उमटतो. डोळ्याला तो चारच दिसतो! वाचणाऱ्याला काही वावगं वाटत नाही. पण जेसनला फक्त इंग्रजी आकडा संख्या म्हणून कळतो, देवनागरी आकडा म्हणजे त्याच्या लेखी कचरा, आख्खी फाईल बाद. व्हीएस कोड तिथल्या तिथं लाल करतो. दुसरी भानगड अवतरणचिन्हांची. भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर वर्डमध्ये वाक्यं लिहून पाठवतो, त्यातली चिन्हं वळणदार असली अन् ती तशीच पेस्ट केली की जेसनला ती चालत नाहीत, तीही लाल होतात.

आणि अदृश्य अक्षरं. दोन अक्षरं जोडायला नाहीतर तोडायला जे न दिसणारं जोडचिन्ह असतं, ते वेबसाईटवरनं कॉपी केलेल्या मजकुरात कुठंही लपून येतं, त्याच्याभोवती व्हीएस कोड पिवळी चौकट दाखवतो. मराठी नावात अशी चौकट आली तर घाबरायचं नाही, "दर्‍या", "वार्‍या" मधला तो अर्धा र काही कीबोर्डवर त्या चिन्हानंच उमटतो. पण हीच चौकट आयडीत, म्हणजे गेम वस्तूला ज्या नावानं ओळखतो त्यात, आली तर मात्र काढलीच पाहिजे, कारण आयडीत फक्त बारकी इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर, डॅश, टिंब अन् तिरकी रेघ चालते, पॅकचं नाव वेगळं करायला मधी एक कोलन, बाकी काही नाही. मोठं अक्षर सुद्धा नाही. विंडोजला फाईलच्या नावात मोठं-बारकं सारखंच वाटतं, गेमला वाटत नाही.

इथपर्यंत ठीक. पण खरं सांगू का, नुसता एवढ्यावर व्हीएस कोड वापरला तर तो नोटपॅडपेक्षा थोडा बरा, एवढंच. मोंढ्यातला काटा पोतं किती भरलं ते सांगतो, आत खडे किती ते नाही सांगत, तसं आहे हे. फाईल जेसन म्हणून बरोबर असणं वेगळं आणि रेसिपी म्हणून बरोबर असणं वेगळं. एडिटरला आतला माल कळायचा असेल तर त्याला नियम शिकवावे लागतात, अन् ते शिकवायची सोय म्हणजे स्कीमा. याच्यासाठीच मी हा एडिटर धरून बसलोय, बाकी रंगरंगोटीचं मला काही नाही.

स्कीमा ही सुद्धा एक जेसन फाईलच. तिच्यात लिहायचं की रेसिपीच्या फाईलीत टाईप पाहिजेच, घटक पाहिजे, रिझल्ट पाहिजेच, रिझल्टमध्ये आयडी पाहिजे, टाईप अमुक चार-पाचपैकीच एक असावा, संख्या एकपेक्षा कमी नसावी. मग पॅकच्या फोल्डरात डॉट व्हीएसकोड नावाचं फोल्डर करून त्यातल्या सेटिंगच्या फाईलीत सांगायचं की रेसिपी फोल्डरातल्या सगळ्या फायलींना ही स्कीमा लाव. झालं. आता काही राहिलं की रेघ येते, कंट्रोल स्पेस दाबलं की पुढं काय काय लिहिता येतं त्याची यादी येते, अन् कीवर माऊस नेला की तिचं वर्णन दिसतं. हे वर्णन आपणच लिहायचं असतं, आणि ते मराठीत लिहिता येतं! माझ्या स्कीमात कुकिंगटाईमवर माऊस नेला तर "टिकमध्ये लिही, सेकंदात नाही, २० टिक म्हणजे १ सेकंद" असं येतं. मला प्रोग्रामिंग येत नाही तरी हे जमलं, कारण यात प्रोग्रामिंग नाहीच, आडतीवर नव्या पोराला खतावणीचे नियम सांगावे लागतात तेवढंच हे काम आहे.

कुकिंगटाईमचं जरा सविस्तर सांगतो कारण त्यात सगळा मुद्दा आलाय. शेकोटीवर काही भाजायची रेसिपी असते, त्यात किती वेळ लागावा ते टिकमध्ये द्यायचं. गेममधल्या स्वतःच्या शेकोटीच्या रेसिप्यांत तो आकडा ६०० आहे, म्हणजे ३० सेकंद. भट्टीला २००, म्हणजे १० सेकंद. आता नव्या माणसानं ३० सेकंद म्हणून ३० लिहिलं तर ते जेसन म्हणून बरोबर, रेसिपी म्हणून पण बरोबर, गेमही खुशाल लोड करणार, लॉगमध्ये काही येणार नाही, फक्त हुरडा दीड सेकंदात भाजून निघणार. असली चूक जगातलं कुठलंच तयार टूल धरणार नाही कारण गेमच्या हिशोबानं ती चूकच नाही. पण माझ्या स्कीमात मी किमान १०० लिहून ठेवलंय. १०० च्या खाली गेलं की पिवळी रेघ. हा नियम गेमचा नाही, आमच्या पॅकचा आहे. गेम चालवून बघता येत नसेल तर असे नियम आधी डोक्यातनं काढून कागदावर आणावेच लागतात, हुरड्याला किती वेळ, एका वेळी भाकरी किती, पेटीतनं जास्तीत जास्त काय निघू द्यायचं, अन् एकदा लिहिले की एडिटर ते विसरत नाही.

एक सेटिंग मात्र आवर्जून टाका, जादा की चालणार नाही असं सांगणारी. स्कीमाचा मूळ स्वभाव असा आहे की तुम्ही सांगितलेलं आहे का तेवढं तो बघतो, न सांगितलेलं काही जास्तीचं असलं तर त्याला काही वाटत नाही. त्यामुळं ऐच्छिक कीच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर मागंपुढं झालं की त्याला वाटतं ही कुठली तरी दुसरीच की असंल, असू दे. अनुभवाचे गुण लिहायचं राहून जातं अन् कुणालाच कळत नाही. ती जादा की बंद करायची ओळ टाकली की अशी एकूणएक टायपिंगची गफलत उघडी पडते. माझ्या मते आख्ख्या स्कीमातली सगळ्यात कामाची ओळ हीच.

फोल्डरच्या एसचा प्रश्नही यातनं आडवाटेनं सुटतो बघा. स्कीमा मी फक्त एस नसलेल्या फोल्डराला लावलीय. फाईल चुकीच्या फोल्डरात असली की माऊस नेल्यावर वर्णनच येत नाही, यादी येत नाही. मराठी वर्णन दिसंना म्हणजे फोल्डरात काहीतरी गडबड आहे, हे आता सवयीनं लक्षात येतं.

आता कुणी म्हणंल मामा हे सगळं हातानं कशाला, तयार एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला लावायची जोड, आहे की. आहे, स्पायग्लास नावाचं, माइनक्राफ्टच्या डेटापॅकसाठीच बनवलेलं, तेही फुकट. गेमच्या आवृत्तीप्रमाणे वस्तूंचे आयडी सुचवतं, फंक्शनच्या फायलीतल्या कमांडी तपासतं. फंक्शनच्या फायली लिहीत असाल तर ते घ्याच, कारण फंक्शनमधली एक ओळ चुकली की आख्खं फंक्शन लोड होत नाही आणि नुसत्या व्हीएस कोडला त्या फायलीतलं काही कळत नाही, त्याला तो साधा मजकूर दिसतो. पण ते गेमचे नियम जाणतं, तुमच्या पॅकचे नाही. मी दोन्ही ठेवलेत, आणि लॅपटॉप फार दमला की स्पायग्लास बंद करतो, स्कीमा चालू ठेवतो.

व्हीएस कोड काय करत नाही ते पण ऐका, कारण तारा तिथंच कापलाय.

सगळ्यात पहिलं, जेसनची तपासणी तो फक्त उघडलेल्या फायलींची करतो. खाली प्रॉब्लेम्स नावाचा कप्पा आहे, तिथं काहीच नाही असं दिसलं म्हणजे पॅकमध्ये चूक नाही असा अर्थ नाही, उघडलेल्या फायलींत चूक नाही एवढाच अर्थ. पॅक पाठवायच्या आधी एकेक फाईल उघडून बघायची. आमच्या पॅकसारख्या छोट्या पॅकला चालतं, हजार फायली असणाऱ्यानं काय करायचं ते त्यानं बघावं.

दुसरं, एका फाईलीतनं दुसऱ्या फाईलीकडं बोट दाखवलेलं असतं ते बरोबर आहे का हे साधी स्कीमा बघत नाही. आमच्या किल्ल्यात अंधारीच्या, म्हणजे देवगिरीतल्या त्या काळोख्या भुयाराच्या, वाटेवर पेट्या ठेवल्यात, खरी अंधारी बघितलेल्यांना कळंल तिथं पेटी सापडणं म्हणजे काय मजा आहे. पेटीला सांगायचं असतं की तू अमुक लूट टेबलातनं भर. त्या टेबलाच्या नावात एक अक्षर इकडंतिकडं झालं तर पेटी उघडते, फक्त रिकामी. पोरं म्हणणार कुणीतरी आधीच लुटली! भांडणं लागतील राव. याच्यावर माझा उपाय साधा, सगळ्या फायलींत शोधायचं, कंट्रोल शिफ्ट एफ, टेबलाचं नाव टाकायचं, जिथं जिथं वापरलंय तिथं तिथं दिसतं. ज्या नावाची फाईल आहे पण वापर कुठंच नाही, किंवा वापर आहे पण फाईल नाही, ते लगेच कळतं. नावं मी टाईप करत नाही, कॉपीच करतो.

तिसरं म्हणजे हिशोब. लूट टेबलात प्रत्येक वस्तूला वजन द्यायचं असतं अन् किती वेळा काढायचं ते रोल. समजा भाकरीला १०, पाचूला ५, हिऱ्याला १ वजन दिलं. एकूण १६. एका रोलला हिरा निघायची शक्यता १६ त एक, म्हणजे सव्वासहा टक्के. रोल तीन असले तर? लोक तिनानं गुणून पावणेएकोणीस म्हणतात, तसं नाही, तिन्ही वेळा हिरा न निघायची शक्यता काढून शंभरातनं वजा करायची, साडेसतराच्या आसपास येतं. आता याच टेबलात भाच्यानं सांगितलं म्हणून परभणी मोती टाकली, आपल्या विद्यापीठाची ज्वारी, वजन ४. हिऱ्याला कुणी हात लावला नाही, तरी एकूण २० झालं अन् हिरा पाच टक्क्यांवर आला, तीन रोलला सव्वाचौदा. वजन म्हणजे टक्का नव्हे, वाटणी आहे, एक भागीदार वाढला की सगळ्यांचं कमी होतं, हे आडतीवरच्या माणसाला सांगायची गरज नाही पण भाच्याला सांगावं लागलं. हे काही एडिटर करून देत नाही. मी एक्सेलमध्ये वेगळं पान ठेवलंय, टेबल बदललं की आधी पान बदलायचं मग फाईल. आणि खरं तर गेम समोर असता तरी हे पान लागलंच असतं, पेटी दहा वेळा उघडून बघितली म्हणून सहा टक्के का पाच टक्के ते कुणाला कळतंय.

चालवून बघता येत नाही त्याला सगळ्यात मोठा आधार म्हणजे चालतंय हे माहीत असलेली फाईल. गेमच्या स्वतःच्या सगळ्या रेसिप्या, लूट टेबलं गेमच्या जार फाईलीतच असतात, अन् जार म्हणजे झिपच, उघडता येते. भाच्याला तेवढं डेटा फोल्डर काढून पाठवायला लावलं. आता नवीन काही लिहायचं म्हणलं की पाटी कोरी घेत नाही, भाकरीसाठी गेममधल्या ब्रेडची फाईल घेतो. ती किती सुटसुटीत आहे बघा, टाईप आकाराची रेसिपी, पॅटर्नमध्ये एकच ओळ तीन चौकोनांची, खाली चौकोन म्हणजे गहू असा खुलासा, अन् रिझल्टमध्ये ब्रेड एक नग. व्हीएस कोडमध्ये दोन फायलींवर राईट क्लिक करून शेजारी शेजारी तुलना करता येते, जिथं फरक आहे तेवढ्याच ओळी लाल-हिरव्या होतात. माझ्या भाकरीच्या फाईलीत नाव सोडून आणखी कुठं रंग दिसला की थांबायचं, तो रंग मुद्दाम केलेल्या बदलाचा आहे का आपोआप आलेला. हे फीचर लोक रिव्ह्यूमध्ये सांगतच नाहीत, मला स्कीमाच्या खालोखाल हेच कामाचं वाटतं.

मराठी नावाचं थोडं. वस्तूला दोन प्रकारे नाव देता येतं, एक कस्टम नेम, ते गेममध्ये तिरक्या अक्षरात दिसतं, दुसरं आयटम नेम, ते सरळ दिसतं. आम्ही सरळ घेतलं. आमच्या आवृत्तीत हे नाव अवतरणचिन्हात अवतरणचिन्ह असं लिहावं लागतं, आतल्या चिन्हांच्या आधी उलटी तिरकी रेघ, ते डोळ्याला फार किचकट दिसतं, तिथं व्हीएस कोडचे रंग उपयोगी पडतात, रेघ राहिली की पुढची सगळी ओळ भलत्याच रंगाची होते. पण गेममध्ये ती देवनागरी दिसणार कशी, जोडाक्षर जुळणार का, वेलांटी जागेवर बसणार का, ते एडिटरमध्ये बघून काडीचं कळत नाही. इथं विंडोजचा फॉन्ट सगळं छान जुळवून दाखवतो, तिथलं चित्र वेगळं असू शकतं. त्यामुळं नावं निवडतानाच मी जोडाक्षरं टाळायलोय. हुरडा, भाकरी, ठेचा बरे. "ज्वारी" ला पर्याय नाही, ते राहू दिलं. मजकुराची एकच ओळ असेल तिथं भाच्याकडनं स्क्रीनशॉट मागवायचा, बाकी इलाज नाही.

लॅपटॉपवर जड आहे का? आहे. आतून तो ब्राउझरच आहे, क्रोमियमवर बांधलेला, त्यामुळं चार जीबीत तो अन् क्रोम एकत्र नको. मिनीमॅप (उजव्या बाजूला फाईलीचं बारकं चित्र दिसतं ते) बंद करा, नको ती एक्स्टेन्शनं काढा, मग ठीक चालतो. वीज गेल्यावर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न, माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे. सेव्ह न केलेलं सुद्धा तो मागं साठवून ठेवतो, पुन्हा उघडल्यावर बहुतेक सगळं जिथल्या तिथं असतं, तरी ऑटोसेव्ह चालू करून टाका. शिवाय टाईमलाईन म्हणून एक कप्पा आहे, सेव्ह केलेल्या फाईलीच्या जुन्या प्रती त्यात राहतात, काल चालत होतं अन् आज चालंना असा निरोप आला की कालची प्रत काढून तुलना करायची. नेट लागत नाही, स्कीमा लॅपटॉपवरच ठेवली की सगळं ऑफलाईन चालतं, उन्हाळ्यात अर्धी रात्र नेट नसतं तव्हा ही गोष्ट मोठी आहे.

पर्याय म्हणाल तर नोटपॅड प्लस प्लस फार हलका आहे, दोन जीबीच्या मशिनवर तोच घ्या, पण स्कीमाची सोय त्यात मुळात नाही. मिसोड नावाची फुकट वेबसाईट आहे, आवृत्ती निवडायची, रकाने भरायचे, ती जेसन तयार करून देते, पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं तिथनंच सुरू करावं, फक्त नेट पाहिजे अन् आमच्या पॅकचे नियम तिलाही माहीत नाहीत. साध्या नोटपॅडनं एमसीमेटा फाईल बनवू नका, विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं अन् फाईलच्या शेपटीला डॉट टीएक्सटी चिकटून राहतं, पॅक दिसतच नाही. व्हीएस कोडमध्येही एमसीमेटाला तो आपणहून जेसन समजत नाही, खाली उजव्या कोपऱ्यात प्लेन टेक्स्ट लिहिलेलं असतं तिथं क्लिक करून जेसन करायचं, मग तपासणी सुरू होते. आणि झिप करताना फोल्डरची नाही, फोल्डराच्या आतल्या मालाची झिप करायची, नाहीतर एमसीमेटा एक पायरी खाली जातो अन् गेमला सापडत नाही.

तिकडनं येणाऱ्या निरोपांबद्दल एक सांगतो, त्याला एडिटर जबाबदार नाही पण काम त्याच्यावरच अडतं. "मामा नाही चाललं" हा निरोप कामाचा नाही. मोबाईलनं काढलेला मॉनिटरचा तिरका फोटो तर त्याहून नाही. भाच्याला एकच शिस्त लावली, सर्व्हरच्या फोल्डरात लॉग्स म्हणून फोल्डर आहे, त्यातली लेटेस्ट नावाची फाईल तेवढी पाठव, बाकी काही बोलू नको. ती व्हीएस कोडमध्ये उघडायची, आपल्या पॅकचं नाव शोधायचं, कुठली फाईल वाचता आली नाही अन् का, ते तिथं लिहिलेलं असतं. इंग्रजी असतं, पण नाव न् ओळ कळली की पुरे. लॉगमध्ये आपलं नावच नसलं आणि तरी चालंना, तर पहिले फोल्डराचं नाव बघायचं, मग झिप, मग हिशोबाचं पान, या क्रमानं.

माझ्याकडनं पाचपैकी चार. एक कापला तो न उघडलेल्या फायली न बघण्याबद्दल. स्कीमा लिहायची तयारी नसेल तर मात्र तीनच समजा, मग नोटपॅड प्लस प्लसनंही भागंल.

आता पोरं १.२१.५ वर जायचं म्हणायलीत. तिथं फॉरमॅटचा नंबर ७१, घटक लिहायची पद्धत आधीच १.२१.२ ला बदललेली, कंसात आयटम असं लिहायचं नाही, सरळ नाव, अन् ते अवतरणचिन्हातलं अवतरणचिन्हही गेलं एकदाचं. सगळ्या फायलींत एकदम शोधा-बदला करता येतं म्हणून फार काळजी नाही, पण त्याच्या आधी मी दोन वेगळ्या स्कीमा करून ठेवल्यात, एक जुन्या पद्धतीची एक नव्या, नवी लावली की जुन्या पद्धतीच्या प्रत्येक ओळीखाली आपोआप पिवळी रेघ येते, तीच कामाची यादी. रेसिपी अन् लूट टेबल दोन्हीच्या आहेत, मराठी वर्णनासकट. कुणाला पाहिजे असतील तर खाली सांगा, पाठवतो, फक्त किमान १०० टिकचा नियम तुमच्या हिशोबानं बदलून घ्या.